पूर्णविरामाला थांबणारी मेंढरं

सिद्धरामेश्वराची शपथ, यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या ताटातली कडक भाकरी मऊ पडो आणि शेंगाचटणीला खवट वास सुटो. सोलापूरच्या बाईनं याहून मोठी शपथ घ्यायची ती कुठली? ज्याला पटत नसेल त्यानं होटगीच्या पुढं त्या वाडीत जावं आणि शाळेच्या आवारातले मेथीचे वाफे बघावेत. अजून तिथं मेथी धड उगवत नाही.

त्या वाडीच्या शाळेत ज्ञानदाबाई तिसरीला शिकवायच्या. रोज सोलापुरातून स्कूटीवर यायच्या. अंगानं काडी, पण हट्टानं पहार. वर्गातली पोरं तशी तल्लख. पाढे म्हणायची, चिंचेच्या शेंड्यावर चढायची, मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत भांडायची. पण हातात पुस्तक दिलं की एकेकाच्या तोंडाचा गळका नळ व्हायचा. "आ... ई... ने... भा... क... र..." एवढं होईपर्यंत गोष्टीतली भाकरी तव्यावर करपून जायची, आणि पोराला विचारावं की आईनं काय केलं, तर पोर म्हणायचं, "कुणाची आई?"

उन्हाळ्यात बाई बार्शीला एका प्रशिक्षणाला गेल्या. पंखा बंद, जेवण जड, बाकीचे सगळे पेंगत होते. ज्ञानदाबाई तेवढ्या टक्क जाग्या होत्या, म्हणून त्यांनाच ऐकू आलं की पोरांचं वाचन पायांनी सुधारतं. जमिनीवर खडूनं रेघा आखायच्या. एका दमात म्हणायच्या शब्दांची एक रेघ. पोरानं रेघेवरून चालत चालत वाचायचं. स्वल्पविराम आला की गुडघा वाकवायचा, प्रश्नचिन्हाला हात डोक्यावर, उद्गारचिन्हाला उडी, आणि पूर्णविरामाला जागच्या जागी उभं. पायाला लय सापडली की जिभेला सापडतेच म्हणे. बाई एसटीतून उतरल्या त्याच गुडघे वाकवत.

मुख्याध्यापक कमलाकर गुरुजींना हे कळलं तेव्हा ते परसबागेत मेथीला पाणी घालत होते. ती परसबाग म्हणजे गुरुजींचा जीव. पोरांच्या खिचडीत पडणारी मेथी न्‌ कोथिंबीर तिथलीच, आणि खुडायच्या आधी जगदेवीमावशींना, म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या बाईंना, गुरुजींची परवानगी काढावी लागायची.

"वाचन ही बसून करायची गोष्ट आहे, मॅडम," गुरुजी म्हणाले. "चालत वाचणारा माणूस खड्ड्यात पडतो."

"पटांगणात खड्डा नाहीये, सर."

"मग दोन दिवसांत पडेल."

तरी त्यांनी परवानगी दिली. त्यांना वाटलं, पोरं दमतील, बाई दमतील आणि गोष्ट आपोआप मिटेल.

पोरं दमली नाहीत. उलट त्यांना पाय फुटले. अडचण एकच झाली. चालायला लागलेलं पोर पूर्णविरामाला थांबेचना. विनाथांबा गाडी असावी तशी एका वाक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. बिरुदेव नावाचं एक पोर तर "राजा जेवला राजाला झोप आली राजवाड्यात चोर शिरला" असं वाचत वाचत थेट फाटकाबाहेर गेलं. राजा, झोप आणि चोर, सगळे एका दमात.

यावर उपाय काढला मायाक्कानं. ही गुंडा मेंढक्याची पोर. वर्गात कोपऱ्यात बसायची, बोलायची कमी, आणि वाचायचं नाव काढलं की फ्रॉकचं टोक तोंडात घालायची. ती हळूच म्हणाली, "बाई, हुबं ऱ्हायाला सांगायला नगं का कुणीतरी? आमी मेंढरांना सांगतो की."

"काय सांगता?"

मायाक्कानं मान वर केली, ओठ गोल केले आणि सोडली आरोळी, "थिर्रर्रर्र!"

सगळा वर्ग जागच्या जागी थिजला. खिचडीच्या पातेल्यात डाव फिरवणाऱ्या जगदेवीमावशीसुद्धा थांबल्या.

"आणि चालायला?"

"हुर्रऽ हा!"

झालं. गुंडाच्या घराण्याची ती पिढीजात हाळी त्या दिवशी व्याकरणात आली. वाक्य सुरू करताना "हुर्रऽ हा", पूर्णविरामाला "थिर्रर्र". बाईंना वाटलं, किती सोपं! त्यांच्या डोक्यात एवढंच आलं नाही की या हाळ्या ओळखणारे आणखीही काहीजण गावात आहेत, आणि त्यांना चार पाय आहेत.

महिन्याभरात पोरं अशी वाचायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून गोष्ट पुरी ऐकून जायचा. आणि सगळ्यांत पुढं कोण, तर मायाक्का. पहिल्यांदा वाक्य सलग वाचलं तेव्हा ती स्वतःच दचकली. "बाई, ह्यात गोष्ट हाय की!" म्हणाली. जणू इतके दिवस पुस्तकात नुसतीच अक्षरं रांगेत उभी होती.

पण त्याच आठवड्यात गुंडा शाळेत आला. डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडं, उभाच राहिला.

"बाई, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन चाऱ्यापायी खाली जानार. मायाक्काचा दाखला काढून ठिवा."

बाईंच्या हातातला खडू मोडला. "अहो, आता कुठं वाचायला लागलीय ती! आजीपाशी ठेवा ना हिला."

"मागल्या साली बी आसंच म्हनला. वरीसभर ठिवली. घरी आल्यावर म्हनलं, वाच. तर पोरगी एका अक्षरावर बसली ती दुसऱ्यावर जाईना. मेंढराच्या मागं निदान चालंल तरी."

"आता वाचते. खरंच वाचते."

गुंडानं दाढी खाजवली. "मंग मला दिसू द्या. नव्या मानसाम्होरं, नव्या पुस्तकातलं वाचलं, तर ऱ्हाऊ दे. पाट केल्यालं न्हाय चालनार."

"सोमवारी तालुक्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर वाचेल. तुम्ही या."

"येतो की," गुंडा म्हणाला. "येतो, पन मेंढरं कुटं ठिवू? हितंच आनतो भिंतीपल्याड."

बाई एवढ्या आनंदात होत्या की हे शेवटचं वाक्य त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं.

सोमवारी सकाळी कमलाकर गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आल्या आल्या फर्मान काढलं. "आज पाय नाहीत! हाळ्या नाहीत! साहेबांपुढं पोरं बाकावर बसून, हाताची घडी घालून, सभ्य माणसासारखी वाचतील."

"सर, त्यांना अजून तशी सवय नाही. आधी पाय, मग हळूहळू बसून..."

"मॅडम, साहेबांनी पोरांना उड्या मारताना पाहिलं तर आधी माझी बदली, मग तुमची."

साहेबांची जीप आली. तिच्यासाठी फाटक सताड उघडलं गेलं, आणि गडबडीत ते लावायचं राहून गेलं. साहेब म्हणजे उंच, बारीक मिशीचा, कधी हसला असेल तर लहानपणी हसलेला माणूस. बगलेत फाइल, हातात एक कोरं करकरीत गोष्टीचं पुस्तक.

"कुणीही वाचावं," ते म्हणाले.

बिरुदेव उठायला गेला. गुरुजींनी डोळे वटारले. तो बसला. "ए... का... गा..." आणि नळ पुन्हा गळायला लागला. बाकाखाली त्याचे पाय मात्र भराभरा चालत होते. बाक हलायला लागलं. शेजारच्याचंही हललं. सगळ्या वर्गात खडखड अशी की साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, मालगाडी चाललीय की काय.

"हे वाचन?" साहेब म्हणाले.

खिडकीत गुंडाचा पिवळा फेटा दिसला. ज्ञानदाबाईंनी तो बघितला. मायाक्कानंही. तिनं फ्रॉकचं टोक तोंडात घातलं.

"तू वाच," साहेबांनी नेमकं तिच्याकडं बोट केलं.

मायाक्कानं पुस्तक घेतलं. "स... स..." बस. पुढं एक अक्षर नाही. खिडकीतला फेटा दोनदा हलला आणि मागं सरकला. त्याला हवं ते दिसलं होतं.

मग मात्र ज्ञानदाबाईंच्या अंगातली पहार जागी झाली. "साहेब, दोन मिनिटं पटांगणात चला."

"मॅडम!" गुरुजी कळवळले.

"माझी बदली करा, सर. पण आधी पटांगणात चला."

सगळी वरात पटांगणात आली. बाईंनी गुंडाला हाक मारून भिंतीजवळ उभं केलं. मायाक्काच्या हातात तेच नवं पुस्तक दिलं आणि कानात सांगितलं, "डोळे पुस्तकातच ठेवायचे. कुणी काही ओरडलं तरी वर बघायचं नाही. कळलं?"

मायाक्कानं मान डोलावली, दम घेतला, आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी गर्जली, "हुर्रऽ हा! सकाळ होताच ससा बिळातून बाहेर आला. थिर्रर्र!"

काय वाचन ते! पाऊल आणि शब्द हातात हात घालून. साहेबांच्या मिशीचं एक टोक वर गेलं. गुंडाचा जबडा खाली आला.

आणि त्याच वेळी उघड्या फाटकातून गुंडाचा सगळा कळप आत आला. "हुर्रऽ हा"ला आत शिरला, "थिर्रर्र"ला उभा राहिला. शिस्तीत. पुढं काळी म्होरकी मेंढी, मागं बाकीची.

"हुर्रऽ हा! त्याला समोर हिरवेगार शेत दिसले. थिर्रर्र!"

कळप पुढं सरकला आणि थांबला. थांबला तो बरोबर मेथीच्या पहिल्या वाफ्यावर. आता मेंढराचं असं आहे, की ते उभं राहिलं की तोंड खाली घालतं. उभं राहून विचार करत बसायला ते काही मुख्याध्यापक नव्हे.

"माझी मेथी!" गुरुजींचा आवाज फाटला.

"हुर्रऽ हा! सशाने पोटभर पाला खाल्ला. थिर्रर्र!"

दुसरा वाफा.

पोरं किंचाळत होती. मायाक्काला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. ती आणखी जोरात वाचायला लागली. लहान मुलांचं पुस्तक, वाक्यं चिमुकली, दर चार शब्दांना पूर्णविराम. पुस्तकात ससा पाला खात होता, पटांगणात मेंढरं खात होती. गोष्ट आणि मेथी बरोबरीनं संपत आली. साहेब तर कळपाच्या मधोमध सापडले होते. दर वाक्याला मेंढरं त्यांना ढकलत चूलघराकडं न्यायची, दर पूर्णविरामाला थोडी विश्रांती मिळायची. फाइल त्यांनी डोक्यावर धरली होती.

"अय्यो शिवने!" जगदेवीमावशी डाव परजत चूलघराच्या दारात आल्या. "सायबांना आत घिऊ नगासा, खिचडी उघडी हाय!"

"मायाक्का, थांब!" गुरुजी ओरडले. मायाक्का थांबली. मेंढरंही थांबली आणि कोथिंबिरीला लागली. "अगं थांबू नकोस! चाल!" ती चालली, कळप कोथिंबीर तुडवत वांग्यांवर गेला. "पूर्णविराम घेऊ नकोस, बाळ! पाया पडतो, पूर्णविराम घेऊ नकोस!"

शेवटी पान संपलं आणि मायाक्कानं वर बघितलं. "अगं बया! आपली मेंढरं!"

गुंडानं भिंतीजवळून कळपात उडी टाकली. हाळ्या घातल्या, काठी आपटली, पण तोंडात मेथी असलेलं मेंढरू कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मायाक्कानं नुसतं "हुर्रऽ हा" म्हणून बघितलं. मेंढरं फाटकाच्या दिशेनं चार पावलं आली, तिचा आवाज थांबला तशी पुन्हा मान खाली.

"आवाज तुटू दिऊ नगं, पोरी!" गुंडा ओरडला. "तू बोलत ऱ्हायलीस की चालत्यात! फाटकापतोर आवाज तुटता कामा न्हाय!"

"काय बोलू, बा?"

"वाच की! वाचतीस न्हवं!"

पण वाचायचं काय? बाईंनी वर्गातली पुस्तकं डोळ्यांपुढं आणली. 'आई आली. बाबा आले.' प्रत्येक पूर्णविरामाला गुरुजींचा एकेक वाफा जाणार. इथून फाटकापर्यंत पुरेल, ज्यात कुठं थांबायला जागाच नाही असं एवढं लांब वाक्य आणायचं कुठून? आणि बाईंची नजर गेली ती साहेबांच्या डोक्यावरच्या फाइलीवर.

"साहेब! त्यात परिपत्रक आहे का एखादं?"

"आहे, पण..."

"द्या इकडं!"

साहेबांनी मेंढरांवरून कागद पुढं केला. बाईंनी तो एका नजरेत वरून खालपर्यंत चाळला आणि त्यांचा चेहरा उजळला. पानभर मजकूर, आणि सगळं मिळून एकच वाक्य!

"मायाक्का, शब्द अवघड आहेत. घाबरू नकोस. पाऊल टाकत जा, येतील."

"हुर्रऽ हा!" मायाक्का म्हणाली. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, ज्याअर्थी..."

पहिल्या ओळीला ती अडखळली. पाय मात्र अडखळले नाहीत. दुसऱ्या ओळीला जीभ पायांच्या मागं धावली, तिसऱ्या ओळीला दोघांची गाठ पडली, आणि मग काय! "ज्याअर्थी" आलं, "त्याअर्थी" आलं, "तसेच", "परंतु", "अन्यथा" आले, स्वल्पविरामांना पोरीचा गुडघा वाकत होता, कळप डुलत होता, पण थांबत कुणीच नव्हतं. मेंढरांनी वांगी सोडली, वाफे सोडले, साहेबांना सोडलं. म्होरकी मेंढी मायाक्काच्या मागं, कळप म्होरकीच्या मागं, गुंडा, बाई, गुरुजी आणि सगळी शाळा कळपाच्या मागं. फाटक गेलं, चिंच गेली, ओढा आला. ओढ्याच्या काठावर पानाच्या तळाशी पूर्णविराम आला, मायाक्का म्हणाली, "थिर्रर्र!" आणि सगळं जग थांबलं.

मग गुंडानं फेटा काढून घाम पुसला.

"बाई, काय वाचलं वो तिनं?"

"सरकारी कागद."

"काय लिवलंय त्यात?"

बाईंनी कागद पुन्हा बघितला आणि ओठ चावला. "पोरांनी वाचताना आपापल्या जागी गप्प बसावं, असं."

गुंडानं मेंढरांकडं बोट केलं. "मंग ही कशी चालली?"

साहेबांनी कागद मायाक्काच्या हातून घेतला. "हे मी स्वतः चारदा वाचायला घेतलं होतं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत पोचलो नव्हतो." मग त्याची घडी घालून खिशात ठेवली. "कमलाकरराव, हे परिपत्रक तुमच्या शाळेला मिळालेलं नाही. समजलं?"

"नाही मिळालं, साहेब," गुरुजी म्हणाले. त्यांच्या हातात मेथीची एकच वाचलेली जुडी होती.

गुंडानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे हिला आजीपाशी," तो बाईंना म्हणाला. "दाखला नगं." मायाक्कानं फ्रॉकचं टोक तोंडात घातलं, पण या वेळी हसू दाबायला.

गुंडा निघाला, आणि ओढ्यातून परत आला. "पन बाई, एक घोटाळा झाला की. मेंढरं तिच्या वाचन्यावर हालाया लागली. दिवाळीनंतर मी एकला काय करू?"

"मग तुम्ही शिका ना, गुंडाभाऊ."

म्हणून दिवाळीपर्यंत संध्याकाळी पटांगणातल्या खडूच्या रेघांवरून घोंगडं घेतलेला एक बाप्या गुडघे वाकवत चालायचा, "आ-ई आ-ली, थिर्रर्र," आणि कठड्यावर बसून मायाक्का त्याच्या चुका काढायची. कमलाकर गुरुजी तिकडं बघायचे नाहीत. ते पेपर वाचत व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. पण जगदेवीमावशींनी बघितलंय, स्वल्पविराम आला की गुरुजींचा डावा गुडघा वाकायचा.

सगळं खरं आहे. मेंढरं खरी, मेथी खरी, गुरुजींचा गुडघासुद्धा खरा. शपथ घेतलीय म्हणून एक तेवढं सांगून टाकते. पानाच्या तळाशी पूर्णविराम होता ना, तो मी पदरचा घातलाय. त्या परिपत्रकात पूर्णविराम नव्हताच. पण पोरीला कुठंतरी थांबवायला नको का? नाहीतर कळप घेऊन ती हद्दीवरची दुधनी ओलांडून कर्नाटकात गेली असती, आणि तिथली शाळा पडली कानडी.